बोरिवलीच्या जंगलाचे रंग: नवख्यासाठी वर्षभराची वाट

मुंबईतल्या माणसाला जंगल पाहायची इच्छा झाली की तो ताडोबाचे आरक्षण शोधू लागतो. बोरिवली स्थानकातून पूर्वेला उतरून चालत गाठता येणारे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मात्र त्याच्या लेखी शाळेच्या सहलीतली ‘वनराणी’ ही लहानशी आगगाडी आणि कान्हेरीची लेणी एवढ्यावरच संपलेले असते. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे जंगल दमट पानझडी प्रकारचे आहे. येथील बहुतेक झाडे वर्षातून एकदा पाने टाकतात, काही काळ उघडी राहतात आणि पुन्हा पालवतात. शिवाय प्रत्येक जातीचे हे वेळापत्रक निराळे असते. त्यामुळे एका भेटीत दिसते ते त्या आठवड्याचे जंगल, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी दुसरेच काही उभे असते. ज्याला झाडांची नावे येत नाहीत, पण हे जंगल वर्षभर पाहून ओळखीचे करून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे. बिबट्या कसा दिसेल, हा या लेखाचा विषय नाही. आणि जो बिबट्यासाठीच येतो त्याला बाकीचे जंगल सहसा दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

एकच वाट ठरवा

नवखा माणूस दर रविवारी नवी जागा गाठू पाहतो आणि वर्षाअखेरीस त्याच्याकडे ढीगभर जागांची छायाचित्रे जमतात, पण एकाही झाडाची ओळख जमत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे एक ते दोन किलोमीटरांची एकच वाट निवडणे आणि वर्षभर तिच्यावरच जाणे. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ता सुमारे सहा किलोमीटरांचा आहे. त्यावर वाहने, सायकली आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी असल्यामुळे अनेक जाणकार त्याला नाक मुरडतात. माझे मत उलट आहे. रस्त्यामुळे झाडोऱ्यात फट पडते, उजेड आत येतो आणि झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका नजरेत दिसते; दाट रानात मात्र बुंधे तेवढे दिसतात आणि शेंड्याचा मोहोर कोणत्या झाडाचा हे कळेनासे होते. नवख्याने या रस्त्याचा गर्दी विरळ झाल्यानंतरचा एखादा तुकडा निवडावा. शिलोंड्याची पायवाट अधिक सुंदर आहे, परंतु तिच्यासाठी परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो, त्यामुळे ती पंधरा दिवसांनी एकदा जाण्यासारखी नाही. ठाण्यात राहणाऱ्यांना येऊरची बाजू सोयीची पडेल. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ मधला तुळशी हे दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्याने त्यांच्या काठावर मनास येईल तसे फिरता येत नाही, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

सोमवारी उद्यान बंद असते. पंधरवड्यातून एक फेरी पुरेशी आहे. फाल्गुन-चैत्रात मात्र दर आठवड्याला जावे, कारण त्या दिवसांत पंधरा दिवसांचा खंड पडला तर एखाद्या झाडाचे सगळे नाटक आपल्यामागे होऊन गेलेले असते.

सुरुवात पावसाळ्यात करू नका

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पहिला पाऊस पडला की सगळे शहर जंगलाकडे धावते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे ते रान देखणे असते यात वाद नाही. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड काळ आहे. सगळेच हिरवे असते, वेली झाडांवर चढलेल्या असतात, एका झाडाची पाने दुसऱ्यात मिसळतात आणि छत्री सांभाळत वर पाहताही येत नाही. सुरुवात माघात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत करावी. तेव्हा पाने उतरलेली असतात, साली स्पष्ट दिसतात आणि झाडे एकमेकांपासून वेगळी उभी असतात. ज्या जंगलाला लोक ‘वाळून गेले आहे’ म्हणतात, त्या जंगलात झाड ओळखणे सर्वांत सोपे असते.

दहा झाडांशी ओळख

आपल्या वाटेवरची दहा झाडे निवडा. सगळी वेगळ्या जातीची असावीत आणि त्यांची जागा पुन्हा सापडेल अशी खूण मनात ठेवावी. झाडावर रंग लावू नये, सालीवर काही कोरू नये, दोरी बांधू नये. मी पुढील नावे सुचवतो, कारण ती येथे सहज भेटतात आणि पाने नसतानाही त्यांतील बरीचशी ओळखता येतात.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. ती एकदा पाहिली की विसरत नाही. कांडोळाची साल पांढरट, गुळगुळीत आणि कागदासारखी सुटणारी असते. संधिप्रकाशात हे निष्पर्ण झाड पाहिले की त्याला इंग्रजीत ‘घोस्ट ट्री’, म्हणजे भुताचे झाड, का म्हणतात, हे सांगावे लागत नाही. काटेसावरीच्या बुंध्यावर शंकूसारखे काटे असतात, मात्र झाड म्हातारे झाले की खालचे काटे झिजून जातात. म्हणून काटे नाहीत एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. सागाची भली मोठी खरखरीत पाने झाडाखाली पडलेली असतातच, आणि कोवळे पान मिळाले तर बोटांत चुरडून पाहावे, बोटे लाल होतात. पळसाला पाने तीनच ही म्हण सर्वांना पाठ असते, पण पळस समोर उभा असताना ती किती जणांना आठवते, हे मी नेहमी पाहतो. एका देठाला तीन पर्णिका, मधली मोठी. उंबराची फळे थेट खोडाला लगडतात. बहाव्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा वर्षातले बरेच महिने लोंबत असतात. याशिवाय कुसुम (यालाच कोशिंब म्हणतात), मोह आणि कुंभा ही तीन झाडे पहिल्या भेटीत जाणकाराकडून दाखवून घ्यावीत.

जाणकार म्हणजे दर वेळी दुर्बीण गळ्यात घातलेला माणूसच असतो असे नाही. उद्यानाच्या हद्दीत वारली, कोकणा आणि मल्हार कोळी समाजाचे पाडे आहेत, आणि तिथल्या एखाद्या मावशीला ‘याला काय म्हणता?’ असे विचारले तर नावाबरोबर उपयोगही कळतो. पुस्तकातले नाव आणि पाड्यावरचे नाव जुळले नाही तर दोन्ही लिहून ठेवावीत.

वीस मिनिटे बसा आणि मग लिहा

प्रत्येक फेरीत आपल्या वाटेवरच्या एका ठरलेल्या दगडावर किंवा पारावर वीस मिनिटे स्वस्थ बसावे. पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही. त्यानंतर आपण आलो म्हणून गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात, पाचोळ्यात सरडा हलतो, वानरांची टोळी आपल्याला ओलांडून पुढे जाते. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांना बोलावण्याचा प्रकार तर अजिबात करू नये, कारण विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे उगाच दमतो.

बसून झाल्यावर दहा झाडांची नोंद करावी. वहीत तारीख, वेळ, आभाळ आणि मग प्रत्येक झाडापुढे चार गोष्टी असाव्यात: जुनी पाने, कोवळी पाने, फुले, फळे. प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’, ‘भरपूर’ एवढेच लिहिले तरी चालते. वर्णन सुंदर करण्याच्या नादात नोंद राहून जाते, म्हणून आधी हे रकाने भरावेत आणि शाई उरली तर वर्णन करावे. अशाच पद्धतीने देशभरातल्या झाडांच्या नोंदी जमवणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे. त्यात आपले झाड नोंदवून दर आठवड्याची माहिती पाठवता येते. दुर्बीण घ्यायचीच तर आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची (८×४२) घ्यावी, पण पहिल्या वर्षी ती नसली तरी काही अडत नाही.

माघ ते वैशाख: खरा रंगोत्सव

परदेशी छायाचित्रांमुळे आपल्या मनात असे बसले आहे की जंगलाचे रंग पानगळीत पाहायचे. आपल्याकडेही पानगळीला रंग आहे. कुंभ्याची पाने गळण्यापूर्वी तांबडी होतात आणि बोंडाऱ्याची तांबूस-नारिंगी. झाड पान टाकण्यापूर्वी त्यातली उपयोगाची द्रव्ये परत ओढून घेते, हरितद्रव्य मोडते आणि झाकला गेलेला पिवळा उघडा पडतो. काही जाती त्याच सुमारास लाल रंगद्रव्यही तयार करतात. पाणी दुर्मीळ होऊ लागले की पानांतून ते उडून जाऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

परंतु बोरिवलीच्या जंगलाचा मोठा रंग गळत्या पानांत नसून येणाऱ्या पानांत आहे. मार्चमध्ये कुसुमाचे झाड अवघे लालबुंद होते आणि पाहणारा हमखास फसतो, त्याला ती फुले वाटतात. ती कोवळी पाने असतात. बेहडा आणि मोह तांब्याच्या रंगाने पालवतात. कोवळ्या पानांतले हे लाल द्रव्य नाजूक पेशींना कडक उन्हापासून जपते, असे मानले जाते, आणि पान जून होईपर्यंत त्यात हरितद्रव्य कमी असल्याने ते खाल्ले गेले तरी झाडाचे नुकसान थोडे होते. एका कुसुमाकडे सलग चार आठवडे पाहावे: लाल, मग तांबूस, मग पोपटी आणि शेवटी हिरवे. चैत्रपालवी हा शब्द आपण रांगोळीत आणि कवितेत वाचतो. तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर याहून चांगले झाड मला माहीत नाही.

ही पालवी पावसाच्या आधी, वैशाख वणव्यात का येते, असा प्रश्न नवख्याने विचारायलाच हवा. झाडांची मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचलेली असतात, आणि पाऊस पडताच पाने खाणाऱ्या अळ्यांची झुंबड उडते; त्याआधी पान जून आणि टणक झालेले असले तर झाडाचा फायदा होतो. शिवाय पहिल्या पावसाचे पाणी मिळताच कामाला लागायला पाने तयार असतात.

फुलांचा क्रम याच काळात मांडलेला असतो. जानेवारीच्या अखेरीपासून काटेसावर, तिच्या मागोमाग पांगारा आणि पळस, मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण, आणि मेमध्ये कुड्याची पांढरी सुवासिक फुले. पहिली तिन्ही झाडे पाने टाकून फुलतात, लाल किंवा केशरी असतात आणि मध भरपूर देतात. ती मुख्यतः पक्ष्यांसाठी मांडलेली पंगत आहे. फुललेल्या काटेसावरीखाली एक तास बसावे. मैना, बुलबुल, कोतवाल, हरेवा, सूर्यपक्षी असे सगळे एकाच झाडावर भांडताना दिसतात, आणि खाली पडलेली मांसल फुले खायला चितळ येतात. मोहाची फुले मात्र रात्री उमलून पहाटेपर्यंत गळून पडतात, म्हणून त्या झाडाखाली सकाळी लवकर जावे. नाकाला वास आधी कळतो, झाड नंतर दिसते. कुंभ्याची फुलेही रात्रीची असतात आणि सकाळी जमिनीवर त्यांच्या गुलाबी-पांढऱ्या केसरांचे झुबके पडलेले सापडतात.

मेअखेरीस पावशा ओरडू लागतो. शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वहीत त्याच्या पहिल्या हाकेची तारीख लिहून ठेवावी. तांबटाची ठोके दिल्यासारखी टुक-टुक उन्हाळाभर चालू असते. प्रवेशद्वाराबाहेर पाड्यांवरच्या बायका करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात. ती विकत घ्यावीत. उद्यानातली फळे मात्र तोडू नयेत, कारण तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि ती फळे ज्यांच्या वाट्याची आहेत त्यांना बाजार नाही.

आषाढ ते आश्विन: खाली पाहण्याचे दिवस

पाऊस सुरू झाला की नजर शेंड्यावरून जमिनीवर आणावी. पहिल्या सरींच्या आसपास शेवळाचे कोंब फुटतात, मग रानहळदीचे तुरे येतात, पेवाची पांढरी फुले लाल छदांतून, म्हणजे फुलाखालच्या पानांतून, डोकावतात. वर पाहायचे झाले तर सागाकडे पाहावे. या झाडाचा मलईच्या रंगाचा मोहोर भर पावसात येतो आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ओढ्याकाठी पहाटे माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू आली, तर तो शीळकरी कस्तूर. भाद्रपदात तेरडा उतारावर गुलाबी पसरतो. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरे असले तरी ते एका फुलाविषयी आहे, एकामागून एक उमलत असल्याने उताराचा रंग बरेच दिवस टिकतो. कळलावीचे फूल आधी हिरवट, मग पिवळे आणि अखेरीस लाल होते, आणि एकाच वेलीवर तिन्ही टप्पे पाहायला मिळतात. ती विषारी आहे, विशेषतः तिचा कंद. मुले सोबत असतील तर आधीच सांगून ठेवावे.

कारवीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. उतारांवर माणसाच्या उंचीची, खरखरीत पानांची जी झुडपे दाटीने उभी असतात ती कारवी. सात वर्षे ती फक्त पाने धरते, आठव्या वर्षी सगळी मिळून जांभळी फुलते आणि बी धरून मरते. या जंगलात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये तिचा मोठा बहर आला, त्या हिशेबाने पुढचा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. तुरळक झुडपे अधेमध्येही फुलतात. सगळ्यांनी एकदम बी धरले की खाणारे कितीही आले तरी पुष्कळ बी शिल्लक राहते. बहरानंतरच्या वर्षी वाळलेल्या काटक्यांवर बोंडे तशीच असतात आणि पावसाचे पाणी लागताच तडतड फुटून बी उडवतात. तो आवाज ऐकण्यासाठी वळवाच्या पावसानंतर जावे. वाळक्या कारवीच्या कुडाला शेण-माती लिंपून घराच्या भिंती केल्या जातात. २०३२ पर्यंत थांबायचे कशाला, असे वाटू शकते. पण आत्ता पाहिलेली बिनफुलांची कारवी हीसुद्धा कारवीच आहे, आणि दर वर्षी ती किती वाढली हे पाहणाऱ्यालाच तिच्या आठव्या वर्षाची किंमत कळेल.

पाऊस ओसरताना वाटेवर आडवी, पिवळसर धाग्यांची प्रचंड कोळिष्टके दिसू लागतात. त्यांच्या मधोमध बसलेली हाताच्या पंजाएवढी कोळीण माणसाला काही करत नाही; तिच्या शेजारचा इवलासा कोळी हा तिचा नर असतो. वाकून खालून जावे, जाळे मोडू नये. ऑक्टोबरच्या उन्हात ओल्या मातीवर फुलपाखरे चिखलपान करायला जमतात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉर्मन काळ्या पंखांवर निळा पट्टा मिरवत उडते, त्यामुळे नवख्यालाही ते चटकन ओळखता येते.

मार्गशीर्ष आणि पौष

गवत सोनेरी झालेले असते, सकाळी दव असते आणि सागाची पाने शिरांच्या जाळीपुरती उरलेली असतात. ही जाळी थंडीने होत नाही. पानांतला हिरवा गर खाणाऱ्या अळ्यांचे ते काम आहे. असे एक पान उजेडासमोर धरून पाहावे. निरनिराळ्या जातींचे छोटे पक्षी मिळून किडे शोधत फिरतात, त्यांत लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक असण्याची शक्यता चांगली असते. उंबर पिकला असेल तर हरियालांचा थवा पानांत मिसळून बसलेला असतो. तो उडाल्याशिवाय दिसत नाही.

जपून राहायच्या गोष्टी

मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालावेत. डिसेंबरपासून खाजकुयलीच्या मखमली, तपकिरी शेंगांपासून दूर राहावे. मी पहिल्या वर्षी त्यांची लव किती मऊ आहे हे बोटाने तपासले होते आणि उरलेला दिवस खाजवण्यात घालवला. कांडोळाच्या तारकेसारख्या लाल फळांवरही टोचणारे केस असतात. वेलीवरून येणाऱ्या वाऱ्यात नुसते उभे राहिले तरी खाजकुयलीची लव अंगावर येते, म्हणून वेल दिसताच वाट बदलावी. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात. पलीकडे गेलेल्याला परत येता येत नाही. उन्हाळ्यात एका विडीने उतार पेटू शकतो.

हे बिबट्यांचे घर आहे, आणि वारली समाजाने वाघोबाला देव मानून त्याच्याशी जुळवून घेतले आहे. पहाटेच्या अंधारात किंवा सांजेला एकट्याने वाटेवर थांबू नये, लहान मुलांना पुढे किंवा मागे सोडू नये, झुडपाआड वाकून बसू नये. बिबट्या दिसलाच तर पळू नये, ताठ उभे राहून हळूहळू मागे सरकावे. माकडांना खाऊ देऊ नये. एकदा दिलेला खाऊ दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी हातातून ओढून घेतात.

वहीत पहिल्या वर्षी प्रत्येक तारखेखाली दुसऱ्या वर्षासाठी जागा सोडावी. वर्ष पूर्ण झाले की दर वेळी घरून निघण्यापूर्वी गेल्या वर्षीचे ते पान वाचावे: कुसुम तेव्हा लाल होता की पोपटी, काटेसावर फुलली होती की नुसत्या कळ्या होत्या. मग वाटेवर पोहोचल्यावर आधी त्या झाडाकडे जावे.